कोट पडला, वेस राहिली

घर घ्यायला निघालेला माणूस आधी नकाशा पाहत नाही, तो आधी नाव ऐकतो. मलबार हिल म्हटले की एक चित्र डोळ्यांपुढे येते, माझगाव म्हटले की दुसरे, मुंब्रा म्हटले की तिसरे. ही चित्रे कोणी काढली, केव्हा काढली, एका नावाची हद्द संपून दुसऱ्या नावाची कुठे सुरू होते, हे सहसा कोणी विचारत नाही. भाव मात्र सगळे विचारतात. रस्त्याच्या अलीकडे जो भाव असतो तो पलीकडे नसतो. वीट तीच, सिमेंट तेच, वारा आणि पाऊसही तोच. मग फरक कशाचा?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून पडलेला नाही. आम्ही दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दोघांच्या पगारावर बँक किती कर्ज देईल याचा हिशेब करून आम्ही दोन वर्षे घर शोधत होतो. माहीम, माझगाव, कुर्ला, मिरा रोड, मुंब्रा अशी पाच नावे आम्ही कागदावर लिहिली होती. एजंट लोक प्रत्येक नावाबरोबर एक हद्द सांगत. ‘पुलाच्या अलीकडे घ्या, पलीकडे नको.’ ‘लाइनच्या पश्चिमेला आपले लोक आहेत, पूर्वेला सोसायटीवाले देणार नाहीत.’ त्यांच्या बोलण्यातल्या या रेघा कुठून आल्या ते आम्ही शोधू लागलो. इतिहास शिकवणे हे आमचे कामच आहे. पण वर्गात शिकवतो तो इतिहास राजांचा आणि लढायांचा. हा इतिहास दारांचा, भिंतींचा आणि भाड्याचा निघाला. मुंबईपुरता तो येथे मांडत आहोत.

मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला मिळाली ती १६६१ च्या विवाह-तहाने. पुढे १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. म्हणजे इंग्रजी अमलातल्या या शहराची सुरुवातच भाड्याच्या व्यवहाराने झाली. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, १७१५ नंतरच्या वर्षांत, कंपनीच्या वस्तीभोवती पक्का कोट उभा राहिला. त्याला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. त्या काळी चांगली वस्ती कोणती, याचे उत्तर सोपे होते. कोटाच्या आतली ती चांगली. आत तोफांचे संरक्षण होते, वखार होती, गोदी होती. बाहेर ताडामाडाची राने, भाताची खाचरे आणि भरतीचे पाणी.

पण कोटाच्या आतही एक रेघ होती. चर्च गेटपासून निघणाऱ्या रस्त्याच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडच्या, दक्षिणेला मुख्यतः गोऱ्यांची घरे होती. उत्तरेला पारशी, गुजराती वाणी, बोहरी अशा व्यापाऱ्यांची. मध्ये भिंत नव्हती, पहारा नव्हता. तरी कोणी कुठे राहायचे हे ठरलेले होते. मुंबईतली ही न दिसणारी हद्द तेव्हापासूनची आहे आणि तिचा नमुना पुढे अनेकदा गिरवला गेला.

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटाच्या उत्तर भागाला मोठी आग लागली. दाट लाकडी घरे जळून गेली. त्यानंतर सरकारने लोकांना कोटाबाहेर वस्ती करायला उत्तेजन दिले. तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून कोटाभोवती मैदान राखलेले होते, त्याला एस्प्लनेड म्हणत. त्या मैदानापलीकडे जे शहर वाढले त्याला इंग्रजांनी ‘नेटिव्ह टाऊन’ म्हटले. मांडवी, चकला, डोंगरी, उमरखाडी, पायधुनी, भुलेश्वर, गिरगाव ही त्यातली नावे. वस्त्यांची नावे तिथे राहणाऱ्यांवरून पडली. कुंभारवाडा, कामाठीपुरा, मेमनवाडा, बोहरी मोहल्ला, खोजा मोहल्ला, इस्राएल मोहल्ला. आमच्या कोकणी मुसलमानांचे या भागाशी जुने नाते आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद १८०२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पोटात आजही जुन्या तलावाचे पाणी आहे. जहाजे चालवणाऱ्या, गलबतांवर माल पाठवणाऱ्या कोकणी व्यापाऱ्यांच्या काळाची ती खूण आहे.

या नावांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्या माणसांजवळ राहणे ही कोणावर लादलेली शिक्षा नव्हती. रत्नागिरीहून गलबताने आलेला माणूस आधी आपल्या गावच्या माणसाकडे उतरतो. सातारचा गिरणी कामगार गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकतो. मशीद जवळ हवी, आपल्या पद्धतीचा खाटीक जवळ हवा, मेल्यावर खांदा द्यायला चार माणसे हवीत. ही ओढ सगळ्यांनाच असते. मोहल्ला या ओढीतून तयार झाला. दार बंद होणे ही गोष्ट वेगळी आणि ती नंतरची.

कोट फार टिकला नाही. शहराला जागा पुरेना आणि शत्रूची भीतीही उरली नव्हती. सर बार्टल फ्रियर १८६२ मध्ये गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. चर्च गेट होते तिथे फ्लोरा फाउंटन उभे राहिले. बाजार गेट एका रस्त्याच्या नावापुरते उरले. भिंत गेली म्हणजे हद्द गेली असे वाटावे. प्रत्यक्षात भिंतीच्या जागी सरकारी इमारती, मैदाने आणि रुंद रस्ते आले. कोटातले शहर आणि कोटाबाहेरचे शहर यांच्यातले अंतर जसेच्या तसे राहिले. १८६९ मध्ये बांधून झालेले क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, नेमके त्या शिवणीवर आहे. मंडईच्या एका बाजूला लोक म्हणतात ‘फोर्टात जातो’, दुसऱ्या बाजूला म्हणतात ‘मोहल्ल्यात जातो’. दीडशे वर्षांपूर्वी पडलेली भिंत बोलण्यात अजून उभी आहे.

मराठीत वेस हा शब्द आहे. गावाची वेस, वेशीच्या आतले, वेशीबाहेरचे. वेशीबाहेर राहणे म्हणजे काय, हे या भाषेत दलित लेखकांनी आमच्या आधी आणि आमच्याहून स्पष्ट लिहिले आहे. गावची वेस जातीने ठरे आणि जन्मभर बदलत नसे. शहरात आल्यावर ती वेस सुटेल, ही अनेकांची आशा होती. शहराने ती पूर्ण सोडवली नाही, पण तिची जागा मात्र पुन्हा पुन्हा बदलली.

जागा कशी बदलते याचे सर्वांत चांगले उदाहरण परळ आणि भायखळा. आज गिरणगाव म्हणून ओळखला जाणारा हा भाग एके काळी साहेबांच्या बंगल्यांचा होता. माझगाव, भायखळा, परळ ही हवेशीर उपनगरे समजली जात. मुंबईचा गव्हर्नर परळच्या सरकारी वाड्यात राहत असे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढायला घेतली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत धुरांड्यांनी हा सगळा पट्टा भरून गेला. धूर आला, दाटी आली, कॉलरा आला. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे परळच्या वाड्यात कॉलऱ्याने निधन झाले. त्यानंतर गव्हर्नरचे निवासस्थान मलबार पॉइंटला गेले. साहेबांमागोमाग श्रीमंत गेले, श्रीमंतांमागोमाग भाव गेला. परळच्या त्या वाड्यात १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. ज्या जमिनीवर गव्हर्नर राहत होता तिच्या भोवती गिरणी कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या.

आणि पुढे? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चिमण्या पाडल्या गेल्या आणि त्याच लोअर परळमध्ये काचेचे मनोरे उभे राहिले. बिल्डरांच्या जाहिरातींत लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणू लागले. वडाळ्याला कोणी ‘न्यू कफ परेड’ म्हणते, कुर्ल्याला ‘बीकेसी अनेक्स’. वस्तीची हद्द किती लवचिक असते ते पाहायचे असेल तर या जाहिराती वाचाव्यात. नाव महाग असेल तर हद्द रबरासारखी ताणली जाते. नाव स्वस्त असेल तर तिथे राहणारासुद्धा पत्ता सांगताना पुढच्या स्टेशनचे नाव घेतो.

पुन्हा मागे जाऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग दिसला. गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. लोक गावाकडे पळाले, घरे उघडी पडली, छपरांची कौले काढून आत ऊन पाडण्यात आले. रोगाचे मूळ दाट वस्तीत आहे असे धरून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा शहराच्या पोटात यावा म्हणून त्याने जुन्या वस्त्या चिरून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, सिडनहॅम रोड. हा सिडनहॅम रोड म्हणजे आजचा महंमद अली रोड. आज ज्याला आपण मुंबईतल्या मुसलमानांच्या वस्तीची ओळख मानतो, तो रस्ता प्लेगच्या भीतीतून आलेला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या कमानी आणि सज्जे असलेल्या इमारती उभ्या राहिल्या. रमजानच्या रात्री तिथे खायला येणारी गर्दी त्या कमानींखालून फिरते, पण त्यांच्यामागे मांडवीतले मुडदे आहेत हे कोणाच्या मनात येत नाही.

ट्रस्टने जितकी गरिबांची घरे पाडली त्या मानाने त्यांच्यासाठी बांधली कमी. घर गेलेले लोक शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागले. दुसरीकडे दादर, माटुंगा, शीव या मोकळ्या जमिनींवर ट्रस्टने आखीव वसाहती काढल्या. त्यांत मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नाने पारशी समाजासाठी १०३ भूखंड राखले गेले आणि दादर पारशी कॉलनी झाली. त्याआधी १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी श्री. तालमकी यांच्या पुढाकाराने सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. ती आशियातली पहिली समजली जाते. मध्यमवर्गीय कारकुनाला घरमालकाच्या मर्जीतून सोडवणे हा तिचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. एकमेकांना ओळखणारी, एकमेकांची पत जाणणारी माणसे एकत्र आली तरच सहकार चालतो, आणि त्या काळी ओळख जातीतली असे. हा इतिहास सांगताना कोणाला दोष देण्याचे कारण नाही. आमच्या बोहरी, मेमन, खोजा जमातींनीही आपापल्या लोकांसाठी घरे बांधलीच.

मात्र त्या चांगल्या हेतूच्या संस्थेला एक दार होते, आणि दार आतून लावता येते. स्वातंत्र्यानंतर ओनरशिपचे फ्लॅट आले, १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला. सोसायटी ही मुंबईची नवी चाळ झाली आणि सोसायटीची ‘एनओसी’ हा नव्या काळातला परवाना. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा खटला आला. सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा पोटनियम न्यायालयाने वैध ठरवला. घटनेने संघटना स्थापण्याचा हक्क दिला आहे, हा त्यामागचा एक आधार होता. धर्मावरून भेदभाव करू नये हे कलम १५ मधले बंधन मुख्यतः राज्यसंस्थेवर आहे. खासगी सोसायटी त्यातून निसटते. कायद्याच्या भाषेत हे तर्कशुद्ध असेल. पण पारशी समाजाच्या हक्काचे जे कवच होते, त्याच्या आडोशाने पुष्कळ जणांना पुष्कळ काही करता येते.

आम्हालाही ते अनुभवायला मिळाले. लाइनच्या पूर्वेला एका सोसायटीतला फ्लॅट आम्हाला आवडला होता. मालकाला किंमत मान्य होती, टोकन द्यायचे ठरले होते. आडनाव ऐकल्यावर सेक्रेटरींनी नम्रपणे सांगितले, ‘आमच्याकडे सगळे शाकाहारी आहेत, तुम्हालाच अवघड वाटेल.’ पायऱ्या उतरताना जिन्यात सुक्या बोंबलाचा वास येत होता. आम्ही काही बोललो नाही. एजंट मात्र हसून म्हणाला, ‘मास्टरसाब, मछली का नाम वेज है इधर.’ हा विनोद आम्ही अनेकांना सांगितला. सगळे हसले. नाइलाजाने हसण्याची आपल्याला सवय झाली आहे.

या सवयीचे एक वर्ष आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्याने नोंदवलेल्या ९०० मृतांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. ४५ जणांची ओळख पटली नाही आणि ५ जण इतर होते. मेलेल्यांची संख्या आयोगाने मोजली. घर बदललेल्यांची कोणी मोजली नाही. मिश्र वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे आपापल्या ‘सुरक्षित’ बाजूला सरकली. मुसलमान मुसलमानांत गेले, हिंदू हिंदूंत. मुंब्रा, मिरा रोडचे नया नगर, जोगेश्वरीचा काही भाग यांची वाढ त्या वर्षांनंतर झपाट्याने झाली. कोटाच्या बाबतीत जे घडले होते त्याच्या उलट येथे घडले. तिथे भिंत आधी होती, भीती नंतर ओसरली. येथे भीती आधी आली आणि तिच्यामागून रेल्वे लाइन, नाला, उड्डाणपूल अशा साध्या गोष्टी भिंती होऊन बसल्या.

पाचवीच्या वर्गात आम्ही एकदा मुलांना आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढायला सांगितला. हद्द लाल पेन्सिलीने दाखवा, असे सांगितले. एका मुलीची हद्द तिच्या नानीच्या घरापर्यंत पोचली. मधली दोन स्टेशने तिने सरळ गाळली होती. एका मुलाने रेल्वे लाइन नीट काढली, रुळांच्या आडव्या पट्ट्यांसह, आणि पलीकडचा अर्धा कागद कोरा सोडला. ‘इधर क्या है?’ असे विचारल्यावर म्हणाला, ‘उधर अपना कुछ नहीं है.’ लाइनच्या पलीकडे त्याच्या इयत्तेची मराठी शाळा आहे, मैदान आहे, महापालिकेचा दवाखाना आहे. त्याचा जन्म दंगलीनंतर वीसएक वर्षांनी झालेला. दंगल त्याला कोणी शिकवली नाही. कोरा कागद मात्र त्याला वारशात मिळाला.

सरकारी हद्दींचीही गोष्ट अशीच आहे. १८४५ पर्यंत माहीमहून वांद्र्याला जायला खाडी होडीने ओलांडावी लागे. लेडी अवाबाई जीजीभाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि माहीमचा कॉजवे झाला. तरी शहराची हद्द माहीम-शीवच्या खाडीपाशीच राहिली. वांद्रे, कुर्ला यांच्या नगरपालिका वेगळ्या होत्या. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. कागदावर खाडीची रेघ पुसली. पण ऑटोरिक्षा आजही त्या जुन्या हद्दीपाशी थांबते, दक्षिणेला जाऊ शकत नाही. परळचा गिरणीवाला आणि माहीमचा कोळी ‘शहरात’ राहतो, कुर्ल्याचा माणूस ‘उपनगरात’. मुंब्रा तर या सगळ्याच्या बाहेर, पारसिकच्या डोंगरापलीकडे, ठाणे महापालिकेत. पिन कोड देशात १९७२ मध्ये आले. मुंब्र्याचा पिनही मुंबईसारखा ४०० नेच सुरू होतो : ४००६१२. पोस्टाने जवळ धरले, बाकी कोणी धरले नाही.

आता आमच्या पाच नावांविषयी. माहीमला आमच्या कोकणी लोकांची जुनी वस्ती आहे, मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे, शाळा जवळ आहेत. तिथला भाव आमच्या कर्जाच्या दुप्पट होता. माझगाव-डोंगरीकडे पागडीच्या खोल्या मिळत होत्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाने दुरुस्ती सोडली. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली, हे विसरून तिथे मुलांना झोपवणे आम्हाला जमले नसते. भेंडीबाजारात सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी नवे मनोरे उभारण्याचे मोठे काम सुरू झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण असा पुनर्विकास प्रत्येक गल्लीच्या नशिबी नसतो. शिवाय २००२ पासून महंमद अली रोडच्या डोक्यावरून उड्डाणपूल जातो. त्याला नाव कुतुबे कोकण मखदूम अली माहिमींचे आहे, आणि त्याच्यावरून जाणाऱ्या गाड्यांना खालच्या मोहल्ल्यात उतरावे लागत नाही.

मुंब्र्याला आमचे निम्मे नातलग आहेत. तिथे आडनाव कोणी विचारत नाही, अजान ऐकू येते, रात्री अकरालाही बायका बाजारात निर्धास्त फिरतात. ज्यांनी ९३ मध्ये सर्व काही गमावले त्यांना या गावाने छप्पर दिले. हे ऋण मोठे आहे. पण मागणी अफाट आणि देखरेख नाही, म्हणून बेकायदा बांधकामे वाढली. ४ एप्रिल २०१३ रोजी जवळच्या शीळला एक बांधकाम कोसळले आणि ७४ जण दगावले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या लोकलमधून प्रवासी पडले आणि काहींचे प्राण गेले. सुरक्षिततेसाठी शहराबाहेर गेलेला माणूस रोज पोटासाठी शहरात येतो, तेव्हा त्या अंतराचीही किंमत मोजतो. मिरा रोडचे गणितही बहुतेक असेच, फक्त लाइन वेगळी.

उरले कुर्ला. आम्ही कुर्ल्याला घर घेतले. दुसऱ्या मजल्यावर घेतले, कारण २६ जुलै २००५ आम्हाला आठवते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने कुर्ला, कलिना, बैलबाजार यांच्या हद्दी न विचारता सगळ्यांची घरे भरली. एजंटांच्या नकाशावर जी हद्द कधी नसते ती पुराची. घर पाहताना आम्ही भिंतीवरचा ओलीचा डाग किती उंच आहे ते आधी पाहिले आणि मग बाकीचे. इमारतीत आठ बिऱ्हाडे आहेत. त्यांत मुसलमान आहेत, मराठा आहेत, एक केरळी ख्रिश्चन कुटुंब आहे. ही काही आदर्श वस्ती नव्हे. पाणी सकाळी पाऊण तास येते, गल्लीत दुचाक्या वाट्टेल तशा उभ्या असतात. तरी आमच्या मुलांच्या कागदाचा दुसरा अर्धा भाग कोरा राहणार नाही, एवढा हिशेब आम्ही केला.

सगळ्यांना असे घर मिळणार नाही, हे आम्ही जाणतो. ज्याने आग पाहिली आहे त्याला ‘मिश्र वस्तीत राहा’ असा उपदेश करणे सोपे आणि निर्दय आहे. म्हणून आमचे म्हणणे दोन बाजूंना आहे. आपल्या लोकांनी घर घेताना ‘आपले लोक किती’ या प्रश्नाबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत : पाणी कोठून येते, इमारतीला परवानगी आहे का, मुलांची शाळा पायी जाण्याजोगी आहे का, आणि पावसाचे पाणी कुठवर चढते. प्लेगने, कॉलऱ्याने, पुराने शिकवलेला चांगल्या वस्तीचा अर्थ हाच आहे. आणि ज्यांच्या हाती सोसायटीचे दार आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की परळचा वाडा गव्हर्नरचा राहिला नाही आणि बाजार गेटचे दार आता कोणाला बंद करता येत नाही. हद्दी माणसांनी घातल्या, माणसांनीच हलवल्या. क्रॉफर्ड मार्केटपाशी कोटाची भिंत पाडायला सरकार लागले. जिन्यातली वेस काढायला एका सेक्रेटरीची सही पुरते.